हजेरीचा कागद कधी फिरवायचा?

महाविद्यालयात कार्यक्रम ठरवणाऱ्या कुठल्याही प्राध्यापकाला एक कूटप्रश्न सोडवावा लागतो: हजेरीचा कागद सुरुवातीला फिरवायचा की शेवटी? सुरुवातीला फिरवला तर दीपप्रज्वलन आणि पाहुण्यांचा परिचय होईपर्यंत मागच्या तीन रांगा रिकाम्या होतात. शेवटी फिरवला तर आभारप्रदर्शनाच्या वेळी दारातून नवे चेहरे आत येतात आणि सही करून जातात. म्हणून काही ठिकाणी दोन्ही वेळा फिरवतात, काही ठिकाणी पडद्यावर क्यूआर कोड दाखवतात. त्या कोडचा फोटो मिनिटभरात वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचतो आणि कॅन्टीनमध्ये बसलेली मुलंही व्याख्यानाला ‘उपस्थित’ राहतात.

हसण्यावारी नेण्याजोगी ही गोष्ट राहिलेली नाही, कारण आता त्या सहीला श्रेयांकाची किंमत आली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यात पदवीचा जो नवा आराखडा लागू झाला, त्यात सांस्कृतिक उपक्रम, एनएसएस, एनसीसी, योग, क्रीडा यांचा सहशालेय विषय म्हणून समावेश झाला. समाजाशी जोडून घेण्याच्या कामालाही स्वतंत्र जागा मिळाली. स्वायत्त महाविद्यालयांत हा आराखडा 2023 मध्ये आला, बाकीच्या संलग्न महाविद्यालयांत त्याच्या पुढच्या वर्षी. साधारण 30 तासांच्या कामाला एक श्रेयांक, तीन वर्षांच्या पदवीला 120 ते 132 श्रेयांक. गावातलं व्याख्यान, प्रदर्शन, नाटक, मैफल, विज्ञानमेळा यांना जाणं हा आता निदान तत्त्वतः पदवीचा भाग होऊ शकतो. तो कसा व्हावा, याचा विचार मात्र बहुतेक ठिकाणी हजेरीच्या कागदाशी येऊन थांबला आहे.

कार्यक्रमाला बसल्याबद्दल विद्यार्थ्याला काहीतरी द्यायची रीत अमेरिकेत फार जुनी आहे, आणि तिचं मूळ प्रार्थनागृहात आहे. तिथली जुनी महाविद्यालयं चर्चच्या पंथांनी काढलेली. रोजची प्रार्थना सक्तीची, गैरहजर राहिलं तर शिक्षा. हार्वर्डने ही सक्ती 1886 मध्ये उठवली, येलने थेट 1926 मध्ये. प्रार्थना ऐच्छिक झाली तरी सगळ्या विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एकदा एका सभागृहात बसून काही उदात्त ऐकावं ही कल्पना टिकली, आणि धर्मोपदेशकाच्या जागी हळूहळू संगीतकार, शास्त्रज्ञ, लेखक आले. दक्षिण कॅरोलायनातल्या फर्मन विद्यापीठात कित्येक वर्षं असा नियम राहिला की पदवी हवी असेल तर शिक्षणाच्या काळात 32 सांस्कृतिक कार्यक्रमांना हजेरी लावलीच पाहिजे. म्हणजे सत्राला चार. हे ओझं म्हणता येणार नाही, आणि यादीही लांबलचक असते. त्यातून निवडायचं विद्यार्थ्याने.

तिथली दुसरी तऱ्हा जास्त घरगुती आहे. ‘गुरुवारी शहराच्या ग्रंथालयात अमुक इतिहासकाराचं भाषण आहे, ऐकून या, एक पान लिहून आणा, परीक्षेत दोन गुण जादा देते,’ असं एखादी प्राध्यापिका वर्गात सांगते. विद्यापीठाचा नियम नाही, समिती नाही. तिच्या विषयाचे गुण तिच्या हातात असतात, म्हणून तिला हे जमतं. आपल्याकडच्या संलग्न महाविद्यालयातल्या शिक्षकाला ही मोकळीक कधी नव्हतीच. अभ्यासक्रम विद्यापीठाचा, प्रश्नपत्रिका विद्यापीठाची, आणि हाताशी काय ते ‘इंटर्नल’चे गुण. त्यामुळे तिकडे जे एका शिक्षकाच्या मर्जीवर चालतं, ते इकडे यायचं तर शासन निर्णय, परिपत्रक, विद्यापीठाचा नियम आणि महाविद्यालयाची समिती अशा पायऱ्या उतरत यावं लागतं. तळाशी पोचेपर्यंत त्याचा फॉर्म झालेला असतो.

पण लोकांनी लोकांसाठी भरवलेल्या व्याख्यानांची परंपरा आपल्याकडे तिकडच्याइतकीच जुनी आहे. अमेरिकेत शटाक्वा तळ्याकाठी 1874 मध्ये रविवारच्या शाळांच्या शिक्षकांसाठी उन्हाळी मेळावा सुरू झाला. पुढे तिथे विज्ञान, साहित्य, संगीत सगळंच आलं, आणि 1878 पासून त्यांनी घरबसल्या वाचनाचा चार वर्षांचा क्रम आखून तो पुरा करणाऱ्यांना पदविका द्यायला सुरुवात केली. ज्यांना महाविद्यालयाचं दार कधीच उघडलं नव्हतं, अशा शेतकरी, गृहिणी, दुकानदारांसाठी ती होती. शटाक्वानंतर एका वर्षाने, 1875 मध्ये, न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. ती आजही 21 एप्रिल ते 20 मे अशी महिनाभर चालते. तिने श्रोत्याला कधी पदविका दिली नाही, गुण दिले नाहीत, सही मागितली नाही. तरीही पिढ्यान्‌पिढ्या श्रोते आले. आज त्या श्रोत्यांत पांढरे केस जास्त दिसतात, ही तक्रार पुण्यातच नव्हे, तर गावोगावच्या व्याख्यानमालांच्या कार्यवाहांच्या तोंडी असते.

आता एक गणित करून पाहू. व्याख्यान सरासरी तासभराचं धरलं, तर एखाद्या मुलीने महिनाभर एकही संध्याकाळ न चुकवता सगळी व्याख्यानं ऐकली तरी तिचे 30 तास होतील. म्हणजे एक श्रेयांक. शिवाय हा काळ नेमका परीक्षांचा नाहीतर सुट्टीचा. ज्या महिन्यात शहरातली सर्वांत जुनी व्याख्यानमाला भरते, त्या महिन्यात महाविद्यालयाचं वेळापत्रक तिच्याकडे पाठ फिरवून बसलेलं असतं. कुणाचा यात दोष आहे असं नाही, पण दोन वेळापत्रकं एकमेकांना कधी भेटलीच नाहीत, हे यातून कळतं.

जादा गुणांची आपल्याकडची मुख्य वाट एनएसएसची. गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 रोजी, 37 विद्यापीठांत ही योजना सुरू झाली. वर्षाला 120 तासांचं काम, दोन वर्षांत 240 तास आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. मुंबई विद्यापीठात एनएसएस, एनसीसी किंवा विस्तारकार्य करणाऱ्यांना दहा गुणांची सवलत मिळते, आणि ‘दहा मार्कांसाठी एनएसएस’ हा वाक्प्रचार तिथल्या कट्ट्यांवर कित्येक पिढ्या ऐकू येतो. तो तुच्छतेने म्हटला जात असला तरी माझं मत थोडं वेगळं आहे. सात दिवस एखाद्या खेड्यात राहून बंधारा घालणारा मुलगा गुणांसाठी आला असेल, पण सहाव्या दिवशी तो गुणांचा विचार करत नसतो. तिथे कामच त्याला पकडून ठेवतं. खुर्चीत बसून ऐकायच्या कार्यक्रमाला ही सोय नाही. सहा मिनिटांत कंटाळा येऊ शकतो आणि हातात फोन असतो.

इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने वेगळा हिशेब आणला: चार वर्षांत 100 ॲक्टिव्हिटी पॉइंट. कर्नाटकातल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठात हे पॉइंट गुणांच्या सरासरीत धरत नाहीत, पण ते भरले नाहीत तर पदवी अडते. परिणाम ओळखीचा आहे. शेवटच्या वर्षाला मुलं पॉइंट ‘भरायला’ निघतात.

खरा धडा मात्र महाविद्यालयात मिळत नाही, तो दहावीच्या निकालात मिळतो. शास्त्रीय गायन, वादन, नृत्य, लोककला, चित्रकला आणि खेळ यांतल्या प्रावीण्याबद्दल राज्य मंडळ दहावीला जादा गुण देतं. इंटरमिजिएट ड्रॉइंगला ‘ए’ श्रेणी असेल तर 7 गुण. हेतू उत्तमच होता, आणि चित्रकलेच्या तासाला गणिताचा तास घेणाऱ्या शाळांना त्यामुळे जरा धाक बसला असेल तर मला आनंदच आहे. पण गुण आले तसे क्लास आले, क्लासमागून प्रमाणपत्रं. बेस्ट ऑफ फाइव्ह आणि हे जादा गुण मिळून 2025 मध्ये 211 विद्यार्थ्यांना शंभर टक्के पडले, त्यांतले 113 एकट्या लातूर विभागाचे. त्यांच्यातल्या किती जणांनी अकरावीनंतर ब्रश किंवा तानपुरा हाती धरला असेल? मला त्या मुलांना दोष द्यायचा नाही. अकरावीचा प्रवेश अर्ध्या टक्क्यावर ठरतो तिथे सात गुण सोडणारा मुलगा वेडाच ठरेल. मात्र कलेचं गुणांशी लग्न लावलं की संसार गुणांच्या घरी होतो, एवढं यावरून दिसतं.

बक्षिसाने आवड मरते का, या प्रश्नाचा शास्त्रीय शोधही झाला आहे, आणि या विषयावर बोलणाऱ्याने तो माहीत करून घ्यायला हवा. 1973 मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी मुळात चित्रं काढायला आवडणारी बालवाडीतली मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, ‘चित्र काढलंस तर प्रमाणपत्र मिळेल’. सोनेरी शिक्का आणि फीत लावलेलं प्रमाणपत्र, अगदी आपल्या स्नेहसंमेलनात शोभेल असं. काहींना ते न सांगता अचानक दिलं, काहींना दिलंच नाही. एकदोन आठवड्यांनी पाहिलं तर ज्यांना आधी कबूल करून बक्षीस दिलं होतं, ती मुलं आपणहून चित्रं काढण्यात आधीपेक्षा कमी वेळ घालवत होती. बाकीच्यांत तसं झालं नाही.

हा प्रयोग श्रेयांकाच्या विरोधात नेहमी पुढे केला जातो, पण त्यात एक बारकावा आहे. ती मुलं आधीच चित्रांवर भाळलेली होती. आपला प्रश्न तर जो मुलगा आजवर एकदाही नाटकाला गेला नाही, ज्याला ‘संगीत सभा’ म्हटलं की जांभई येते, त्याचा आहे. त्याच्याकडे मारायला आवडच नाही. त्याच्याबद्दल 1999 मधला एक अभ्यास जास्त उपयोगी पडतो. आर्थर स्टुकास, मार्क स्नायडर आणि गिल क्लॅरी यांनी सक्तीच्या समाजसेवेचा परिणाम तपासला. ज्या विद्यार्थ्यांना मुळातच सेवेची ओढ नव्हती, त्यांच्यावर ती लादली की पुढे ती करण्याचा त्यांचा मानस कमी होतो; पण तेच काम करायचं की नाही याची निवड त्यांना दिली तर ही घसरण होत नाही. ज्यांना आधीपासून ओढ होती, त्यांना सक्तीने फारसा फरक पडला नाही.

माझ्या मते या सगळ्या प्रश्नाची चावी इथे आहे. बक्षीस द्यावं की नाही यावर आपण फार वेळ वाद घालतो, आणि निवड कोण करतं याकडे कुणी पाहत नाही. आज आपल्याकडे निवड महाविद्यालय करतं. कार्यक्रम महाविद्यालयाचा, सभागृह महाविद्यालयाचं, पाहुणा प्राचार्यांचा किंवा संस्थेच्या अध्यक्षांचा, आणि बसायला मुलं हवीत म्हणून एफवायच्या दोन तुकड्यांचे तास रद्द करून त्यांना ओळीने आणलं जातं. मागे बॅनर, पुढे कॅमेरा. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकला जिओटॅग केलेले फोटो लागतात, अक्षांश-रेखांशासह. वर्षभरात इतके उपक्रम, इतके लाभार्थी. या हिशेबात विद्यार्थी हा कार्यक्रमाचा श्रोता राहत नाही, तो त्याचा पुरावा होतो. आणि एखाद्या मंत्र्याच्या कार्यक्रमाला मैदान भरायचं असलं की हाच रस्ता किती सोयीचा पडतो, हे सांगायला नको. श्रेयांकाचं आमिष हाती असेल तर बस पाठवायची तेवढी बाकी राहते.

हीच गोष्ट उलट करून पाहावी. श्रेयांक सक्तीचा ठेवा, हरकत नाही. पण कार्यक्रम विद्यार्थ्याने शोधायचा, आणि तो शक्यतो महाविद्यालयाच्या फाटकाबाहेरचा. महाराष्ट्रात शोधायला अजिबात लांब जावं लागत नाही. पुणे विद्यापीठाचं बहिःशाल शिक्षण मंडळ डॉ. बाबासाहेब जयकरांच्या नावाने व्याख्यानमाला तालुक्यांपर्यंत नेतं. एप्रिलमध्ये फुले-आंबेडकर जयंतीच्या व्याख्यानमाला वस्त्यावस्त्यांत रस्त्यावर मंडप टाकून भरतात. तिथे संविधानावर, जातीवर, शेतीवर जे ऐकायला मिळतं, ते राज्यशास्त्राच्या कित्येक वर्गांत मिळत नाही. फेब्रुवारीच्या अखेरीला राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची दारं लोकांना उघडतात. 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांपैकी एखाद्या अँटेनाखाली उभं राहून जुन्नर तालुक्यातली मुलं खगोलशास्त्रज्ञांना प्रश्न विचारतात. डिसेंबरात पुण्यात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव असतो, 1953 पासून चालत आलेला. गावोगाव वाचनालयं आहेत, ज्यांच्या वर्धापनदिनाला कुणी तरुण आला तर कार्यवाह त्याला पुढच्या रांगेत बसवतात.

तिकीट हा भाग मात्र विसरता येत नाही. सवाईचं किंवा व्यावसायिक नाटकाचं तिकीट काढून श्रेयांक मिळवणारा आणि ते न परवडणारा, असे दोन वर्ग पडले तर ही योजना तिथेच फसेल. ‘कमवा व शिका’त संध्याकाळी काम करणारा मुलगा सहाच्या व्याख्यानाला कसा जाईल? शेवटची एसटी साडेसातची असेल तर तालुक्याच्या गावी शिकायला येणारी मुलगी काय करेल? घरच्यांनी ‘रात्रीचे कार्यक्रम नकोत’ म्हटलं तर? म्हणून मोफत कार्यक्रम आणि दिवसाची वेळ, किंवा गावातच पुरा करता येईल असा पर्याय आधी लिहून ठेवला पाहिजे. नाहीतर सांस्कृतिक श्रेयांक पेठांमधल्या मुलांना आयता मिळेल आणि बाकीच्यांना त्यासाठी भाडं मोजावं लागेल.

मग पुरावा काय मागायचा? सही नको, सेल्फी तर नकोच. अहवाल मागितला तर पुढच्या दहा मिनिटांत चॅटजीपीटीने लिहिलेला, ‘सदर कार्यक्रम अत्यंत प्रेरणादायी ठरला’ या वाक्याने संपणारा कागद हाती येतो. मला सर्वांत भरवशाची वाटते ती जुनी तोंडी परीक्षा. पाच मिनिटं समोर बसवून विचारायचं: वक्त्याचं कुठलं म्हणणं तुला पटलं नाही? श्रोत्यांतून कुणी काय विचारलं? गायिकेने कुठला राग गायला हे माहीत नसलं तर नसू दे, पण ऐकताना तू कुठे कंटाळलास? कंटाळल्याचं प्रामाणिक उत्तरही चालावं, ‘प्रेरणादायी’पेक्षा त्याला जास्त गुण द्यावेत. जो गेलेलाच नाही, त्याला कंटाळा कुठे आला हे सांगता येत नाही.

यावर प्राध्यापक म्हणतील, तुकडीत 120 मुलं, प्रत्येकी पाच मिनिटं म्हणजे दहा तास. आणि हे दहा तास कोण देणार? अनेक महाविद्यालयांत हे काम तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाच्या गळ्यात पडतं. त्याला तासाला पैसे मिळतात, आणि तोंडी परीक्षेचा तास हा ‘तास’ धरायचा की नाही यावरूनच बिल अडकतं. आक्षेप पूर्ण खरा आहे. श्रेयांक वाटणाऱ्या आराखड्याने ते तपासणाऱ्या माणसाचे तास कुठेच धरलेले नाहीत, आणि हजेरीचा कागद इतका लोकप्रिय का आहे याचं उत्तर त्यात आहे. कागद स्वस्त पडतो. दहा तासांचं मानधन हिशेबात धरायची तयारी नसेल, तर हा श्रेयांक देऊच नये असं मी म्हणेन.

शिवाय मूल्यमापन म्हटलं की ‘नाही’ म्हणायची मुभाही हवी. पुण्यातली पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा 1963 पासून चालते. तालमींसाठी मुलं ऐन पावसाळ्यात रात्री जागवतात, तास बुडवतात. 2022 मध्ये परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही. त्यावर बराच गदारोळ झाला, निर्णय बरोबर की चूक यावर नाट्यवर्तुळात दोन मतं पडली, पण स्पर्धेची पत घटली नाही. सहशालेय विषयात नापास झालेला विद्यार्थी मात्र शोधून सापडणार नाही. सगळ्यांना मिळतं ते कुणी मिळवलेलं नसतं, आणि मुलांना हे आपल्या आधी कळतं.

राहता राहिला एक प्रश्न, ज्याचं उत्तर शहरातल्या समित्यांनी अजून दिलेलं नाही: ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ कुठला धरायचा? आजच्या कल्पनेत त्याला सभागृह, निमंत्रणपत्रिका आणि अध्यक्षीय भाषण लागतं. पण गावातला मुलगा अखंड हरिनाम सप्ताहात सात रात्री कीर्तन ऐकतो. सिंधुदुर्गातली किंवा गोव्यातली मुलगी जत्रेत पहाटेपर्यंत दशावतार पाहते. जेजुरीकडच्या घरात जागरण-गोंधळ असतो. बारावी झालेला एखादा भजनी मंडळात पखवाज धरतो आणि तालाचे हिशेब बोटांवर मोजतो. हे ऐकणं-पाहणं शहरी व्याख्यानाहून कमी प्रतीचं आहे असं म्हणायची हिंमत कुणी करणार नाही, पण यादीत ते नसतं. दहावीच्या योजनेत लोककलेला जागा मिळाली तीही नोंदणीकृत संस्थेच्या प्रमाणपत्रामार्फत. भजनी मंडळाकडे लेटरहेड कुठून येणार?

तोंडी परीक्षेत मात्र त्याला जागा होऊ शकते. कीर्तनकाराने निरूपणाला कुठला अभंग घेतला, त्यावर कुठले दृष्टांत दिले, आणि दोन्हींचा सांधा जुळला का, हे सांगणाऱ्या मुलाला श्रेयांक नाकारायला मला तरी कारण दिसत नाही. फक्त प्रश्न विचारणाऱ्याला कीर्तनाची रीत माहीत असायला हवी. इंग्रजीच्या किंवा अकाउंटन्सीच्या प्राध्यापकाला ती माहीत नसेल, तर गावातल्या एखाद्या बुवांना परीक्षक म्हणून बोलवावं लागेल, आणि त्यांचं मानधन कुठल्या शीर्षाखाली टाकायचं हे कार्यालयाला विचारावं लागेल.